घर, सरकारी योजना आणि नोकरी : नाशिककरांनी आपला हक्क कागदावर कसा आणावा

नाशिकमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा, अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणारा आणि आईच्या निराधार अनुदानासाठी तहसील कार्यालयात खेपा घालणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. घराचा कायदा निराळा, योजनेचा नियम निराळा आणि नोकरीची संहिता निराळी असली, तरी हक्क हातचा जाण्याची कारणे तिन्हीकडे सारखीच आढळतात : करार तोंडी होतो, पगाराची पावती मागितली जात नाही, अर्ज दिला जातो पण त्याची पोच घेतली जात नाही, आणि सल्ला विचारेपर्यंत दाद मागण्याची मुदत उलटून गेलेली असते. म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टींवर भर दिला आहे : कोणता कागद लागतो, तो कोठे द्यायचा आणि किती दिवसांच्या आत द्यायचा.

अर्ज आणि पोच

कोणत्याही कार्यालयात अर्ज देताना त्याच्या दोन प्रती न्याव्यात. एक प्रत आवक विभागात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. शिक्का फिकट उमटला असेल तर तेथेच पुन्हा मारून घ्यावा, कारण पुढे अपिलात हीच तारीख वाचली जाते. अर्ज घ्यायला नकार मिळाला तर हुज्जत घालू नये. तोच अर्ज त्याच दिवशी त्या अधिकाऱ्याच्या पदनामाने स्पीड पोस्टाने पाठवावा आणि टपाल पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवावी. ऑनलाइन अर्ज केला असेल तर त्याचा क्रमांक लिहून ठेवावा आणि पोचपावतीची छापील प्रत काढावी. सेवा केंद्रचालकाच्या मोबाइल क्रमांकावरून नोंदणी झाली, तर पुढचे सगळे संदेश आणि ओटीपी त्याच्याकडे जातात. म्हणून नोंदणीत नेहमी आपला स्वतःचा क्रमांक द्यावा.

आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांवरचे नाव अक्षरशः जुळते का, हे एकदा निवांत बसून पाहावे. लग्नानंतर बदललेले आडनाव आणि जन्मतारखेतील फरक या दोन कारणांनी भविष्य निर्वाह निधीपासून निराधार अनुदानापर्यंत सगळीकडे अर्ज अडतात, आणि दुरुस्तीला लागणारा वेळ गरजेच्या वेळी हाताशी नसतो.

भाड्याचे घर

शहरात आज बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवान्यावर, दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पार न पाडल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. राहणाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची तरतूद अशी, की नोंदणी झाली नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांक कागदावर लिहून नोटरी केलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. गॅस जोडणीसाठी किंवा मुलांच्या शाळाप्रवेशासाठी तो कोणी चालवून घेत असेल, पण वाद उभा राहिला की त्याचा आधार तोकडा पडतो.

नोंदणी महाग पडते, हा समजही तपासून पाहावा. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परताव्याच्या डिपॉझिटवरील वार्षिक दहा टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. दरमहा १०,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये डिपॉझिट आणि ११ महिन्यांची मुदत धरली, तर मुद्रांकाचा हिशेब तीनशे रुपयांच्या आसपास येतो. शहरी भागात त्यावर १,००० रुपये नोंदणी शुल्क लागते. ही नोंदणी ऑनलाइनही होते. एजंट जी मोठी रक्कम सांगतो, तिच्यात त्याची स्वतःची फी मिळवलेली असते. त्यामुळे शुल्क किती आणि फी किती, हे त्याला वेगळे विचारावे.

सही करण्यापूर्वी करारात काही कलमे स्वतः वाचावीत. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि त्यातून कोणत्या कारणांसाठी कपात होऊ शकते, सोसायटीचा देखभाल खर्च कोण भरणार, मुदतीआधी घर सोडायचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची आणि घरातील पंखे, गिझर, नळ यांची स्थिती काय आहे, हे सगळे लिहिलेले असावे. डिपॉझिट रोख देऊ नये. द्यावेच लागले तर त्याची सही केलेली पावती घ्यावी. घराचा ताबा घेताना आणि सोडताना प्रत्येक खोलीची, वीज मीटरच्या आकड्याची आणि भिंतींची छायाचित्रे काढून त्याच दिवशी घरमालकाला मोबाइलवर पाठवावीत. रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट कापले जाते तेव्हा हीच छायाचित्रे कामी येतात.

कराराची मुदत संपली की घर सोडणे ही राहणाऱ्याची जबाबदारी आहे, हेही स्पष्टपणे समजून घ्यावे. कलम २४ प्रमाणे घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाईही मागू शकतो. मात्र त्याने अर्जाचाच मार्ग धरला पाहिजे. परस्पर कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे किंवा माणसे आणून धमकावणे याला कायद्यात जागा नाही. भाडेकरूचे पाणी, वीज किंवा अन्य आवश्यक सोय तोडण्यास कलम २९ मनाई करते; लायसन्सवर राहणाऱ्याच्या बाबतीत करारात दिलेली सोय तोडणे हा करारभंग ठरतो. असे घडल्यास त्याच दिवशी जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी आणि मनाई हुकमासाठी वकिलामार्फत न्यायालयात जावे. कायदेशीर प्रक्रियेशिवाय ताबा हिसकावला गेला असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खालील दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, त्यामुळे तडजोडीच्या बोलण्यांत ही मुदत वाया घालवू नये.

पंचवटी, भद्रकाली आणि रविवार कारंजा परिसरातील जुन्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंचा प्रश्न मात्र वेगळा आहे. भाडे देण्याची तयारी असलेल्या आणि कराराच्या अटी पाळणाऱ्या भाडेकरूला घरमालक केवळ मनात आले म्हणून काढू शकत नाही. त्याला कायद्यात दिलेले एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. भाडे थकले असेल, तर लेखी मागणीची नोटीस दिल्यावर नव्वद दिवस उलटल्याशिवाय त्या कारणाने दावा लावता येत नाही. घरमालकाने भाडे घेणेच बंद केले, तर स्वस्थ बसू नये. मनीऑर्डरने किंवा बँकेतून भाडे पाठवत राहावे आणि परत आलेल्या मनीऑर्डरची पावती जपावी, कारण भाडे देण्याची तयारी होती याचा पुरावा तीच असते.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. वाडा सोडला तर हक्क गेला, या भीतीने कुटुंबे तडे गेलेल्या भिंतींखाली राहतात आणि दरवर्षी कोठे ना कोठे भिंत कोसळते. या भीतीपोटी कोणी जीव धोक्यात घालू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला आहे. घर सोडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील खोल्यांचे मोजमाप आणि पंचनामा करून मिळावा असा लेखी अर्ज महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्यावा, त्याची प्रत घरमालकाला पाठवावी, आणि भाडेपावत्या, वीजबिले, घराच्या नकाशावर स्वतः लिहिलेली मापे व छायाचित्रे एकत्र ठेवावीत. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर अशी सहा विभागीय कार्यालये आहेत. आपला वाडा ज्या विभागात येतो तेथेच अर्ज द्यावा आणि एक प्रत शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात आयुक्तांच्या नावे द्यावी.

नवीन सदनिका घेणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचे, तर महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, पूर्णत्वाची तारीख आणि मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासक किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा ठरलेल्या तारखेला मिळाला नाही, तर व्याजासह पैसे परत मागण्याचा किंवा प्रकल्पात राहून विलंबाच्या काळाचे व्याज मागण्याचा पर्याय खरेदीदाराकडे असतो. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. विकासकाने सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, करून दिले नसेल, तर त्याच्या सहीशिवाय होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. झोपडपट्टीतील रहिवाशांनी १ जानेवारी २००० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा जिवापाड जपावा. १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांनाही सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे, त्यामुळे त्या काळातील मतदार यादीचा उतारा आणि वीजबिलही टाकून देऊ नये.

रेशन, अनुदान आणि उपचार

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो धान्य मिळते, आणि ते सध्या मोफत आहे. कार्ड केशरी आहे म्हणून धान्य मिळेलच असे नाही. कुटुंबाचा समावेश प्राधान्य यादीत झालेला असावा लागतो, आणि नेमके हेच दुकानदार नीट सांगत नाहीत. धान्य मिळत नसेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा की आपले कार्ड कोणत्या वर्गात आहे आणि किती सदस्यांची नोंद व केवायसी झालेली आहे. उत्तर तोंडी मिळाले तर शहरातील धान्य वितरण अधिकारी किंवा तालुक्याचे तहसीलदार यांच्याकडे लेखी अर्ज करावा. यंत्रातून निघणाऱ्या पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो ताडून पाहावेत. वयोवृद्धांचा आणि कष्टकऱ्यांचा अंगठा घासून गेलेला असतो. केवळ तो उमटला नाही म्हणून पात्र व्यक्तीचे धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. बिहार, उत्तर प्रदेशातून किंवा नंदुरबारहून नाशिकला कामासाठी आलेल्या कुटुंबाला गावाकडच्या कार्डावरच येथील दुकानातून धान्य घेता येते. त्यासाठी कार्ड बदलून आणण्याची गरज नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १८ ते ६५ वयोगटातील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजाराने ग्रस्त अशा निराधार व्यक्तींसाठी आहे, तर ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये आहे. या मर्यादा आजच्या महागाईत फारच अपुऱ्या आहेत आणि खरोखर गरजू असलेली अनेक कुटुंबे त्यामुळे बाहेर राहतात, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेवा केंद्रातून करावा. वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि स्थितीनुसार पतीचा मृत्यू दाखला किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत त्या दाखल्यावरच लिहिलेली असते. मुदत संपलेला दाखला जोडला म्हणून अर्ज परत येतो, आणि अर्जदाराला ते समजेपर्यंत पुढची बैठक होऊन गेलेली असते.

अनुदान मंजूर होऊनही पैसे जमा झाले नाहीत, तर आधी बँकेत जाऊन विचारावे. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणे आणि सरकारी अनुदान ज्या खात्यात उतरते ते खाते आधारशी संलग्न असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या व्यक्तीने मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडताना संमतीपत्रावर सही केली असेल, तर रक्कम त्या नव्या खात्यात जात राहते आणि जुन्या पासबुकात काहीच दिसत नाही. बँकेत नेमका शब्द वापरावा : आधारचे एनपीसीआय सीडिंग कोणत्या बँकेत आहे, ते पाहून सांगा. दरवर्षीचा हयातीचा दाखला राहिला असल्यासही अनुदान थांबते.

उपचारांच्या बाबतीत महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या आता एकत्र राबवल्या जातात आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. रुग्ण दाखल करण्याआधी, शक्य नसेल तर दाखल होताच, रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटावे आणि हा आजार व हे रुग्णालय दोन्ही योजनेत बसतात का ते विचारावे. योजनेतील उपचारासाठी रुग्णालयाने रोख मागितले, तर पावती मागावी आणि १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

बांधकाम मजुरांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करावी. वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम, ही मुख्य अट आहे. काम वेगवेगळ्या ठेकेदारांकडे केले असले तरी दिवसांची बेरीज धरता येते. म्हणून रोज मजूर अड्ड्यावर उभे राहणाऱ्याने कोणाकडे किती दिवस काम केले ते वहीत लिहून ठेवावे. नोंदणीचे शुल्क नाममात्र आहे. भांड्यांचा संच किंवा शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून हजारो रुपये मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

रस्त्याच्या कडेला विक्री करणाऱ्यांसाठी पथविक्रेता अधिनियम, २०१४ आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र दिले जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि जागा बदलायची झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते आणि घाट मोकळे केले जात असताना गोदाकाठच्या विक्रेत्यांनी आपले सर्वेक्षण झाल्याची पावती, प्रमाणपत्र आणि जप्त मालाची यादी यांचा आग्रह धरणे फार आवश्यक आहे.

नोकरी आणि पगार

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या असून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा यांविषयीचे अनेक जुने कायदे त्यांत सामावले गेले आहेत. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी येथील कामगाराने या संहितांचे निदान काही भाग तरी तोंडपाठ ठेवावेत. नियुक्तीपत्र मिळणे हा आता प्रत्येक कामगाराचा हक्क आहे. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यायचा असतो. कामावरून काढले किंवा राजीनामा दिला, तर थकीत वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावे लागते. पगारातून होणारी एकूण कपात निम्म्यापेक्षा जास्त असू शकत नाही. वेतन थकले तर दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो.

पगारपत्रक कसे वाचावे, हे एका उदाहरणाने पाहू. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आणि एकूण पगार १८,००० रुपये असेल, तर भविष्य निर्वाह निधीची कपात बारा टक्क्यांनी १,८०० रुपये आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात पाऊण टक्क्याने १३५ रुपये दिसली पाहिजे. मालकानेही निधीत १,८०० रुपये आणि ईएसआयसाठी सव्वातीन टक्क्यांनी ५८५ रुपये भरायचे असतात. हा मालकाचा हिस्सा कामगाराच्या हातात येणाऱ्या पगारातून वजा करता येत नाही. काही ठेकेदार दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून कापतात, आणि पत्रक न वाचल्यामुळे ते वर्षानुवर्षे चालत राहते. संहितेनुसार मूळ वेतन, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी ठेवून निधी व ग्रॅच्युइटी कमी दाखवण्याची पळवाटही आता बंद झाली आहे.

पत्रकावर कपात दिसली म्हणून रक्कम भरली गेली असे समजू नये. उमंग ॲपवर किंवा निधीच्या संकेतस्थळावर आपल्या यूएएनने (निधीच्या कायम खाते क्रमांकाने) पासबुक उघडून प्रत्येक महिन्याची नोंद तपासावी. दोन-तीन महिने नोंद नसेल, तर पगारपत्रके जोडून निधी कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेवर तक्रार करावी. दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास होणाऱ्या ‘निधी आपके निकट’ शिबिरातही प्रश्न मांडता येतो. नोकरी बदलताना निधी काढून घेण्याऐवजी नव्या खात्यात वर्ग करावा, कारण निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा अशीच मोजली जाते. ठेकेदार पळून गेला किंवा त्याने वेतन बुडवले, तर मूळ कारखान्याच्या व्यवस्थापनावर देण्याची जबाबदारी येते. म्हणून कंत्राटी कामगाराने तक्रारीत ठेकेदाराबरोबर कारखान्याचेही नाव घालावे आणि आपण तेथेच काम करत होतो याचा पुरावा म्हणून गेटपास, हजेरी कार्ड, कॅन्टीनचे कुपन, सुपरवायझरचे संदेश जपून ठेवावेत.

ईएसआयचा लाभ महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना मिळतो. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळते, पण त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. काम करताना अपघात झाला असेल, तर रुग्णालयातील केसपेपरवर ‘कामावर असताना, यंत्रावर दुखापत’ अशी नोंद पहिल्याच दिवशी करून घ्यावी. घाईत ‘घरी पडून दुखापत’ असे लिहिले जाते, सोबत आलेला सुपरवायझर तसेच सांगतो, आणि मग बोटे गमावलेल्या कामगाराला भरपाईसाठी त्या एका ओळीशी झगडावे लागते. अपघाताच्या वेळी शेजारच्या यंत्रावर कोण होते, त्यांची नावेही त्याच दिवशी लिहून ठेवावीत.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे : शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. १८,००० रुपये वेतन आणि आठ वर्षे सेवा असेल, तर सुमारे ८३,०७७ रुपये होतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ पूर्ण वर्ष धरला जातो. कायम कामगारासाठी पाच वर्षांची अट आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला मात्र नव्या संहितेनुसार एक वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. कारखान्यात अशा ठरावीक मुदतीवर, ‘एफटीई’ म्हणून, घेतलेल्या तरुणांपैकी फार थोड्यांना हे माहीत असते.

कामावरून काढण्याची वेळ आली की पुष्कळ ठिकाणी आधी राजीनामा लिहून घेतला जातो किंवा कोऱ्या कागदावर सही मागितली जाते. अशी सही करू नये. दडपणाखाली करावी लागली असेल, तर दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापनाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून कोणी, कोठे आणि कशा प्रकारे सही घेतली ते लिहावे आणि आपण कामावर यायला तयार आहोत असे स्पष्ट नमूद करावे. गेट बंद केले असेल तर गेटवर उभे राहून काढलेले तारीखवार छायाचित्रही उपयोगी पडते. एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला कामगारकपातीत कमी करताना एक महिन्याची सूचना किंवा तितके वेतन आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई द्यावी लागते. बडतर्फीविरुद्धचा वाद कामगार उपायुक्त कार्यालयातील समेट अधिकाऱ्यासमोर न्यावा लागतो, आणि त्यासाठी कामावरून काढल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे. व्यवस्थापन ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत राहते तेव्हा ही दोन वर्षे सरत असतात, हे लक्षात ठेवावे.

बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे द्यावी. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्यावी. घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही हाच मार्ग खुला आहे.

कार्यालय हलत नसेल तेव्हा

उत्पन्नाचा, रहिवासाचा किंवा तत्सम दाखला ठरलेल्या दिवसांत मिळाला नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली त्याच विभागातील प्रथम अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येते. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कोणत्या सेवेला किती दिवस, हे कार्यालयातील फलकावर आणि आपले सरकार संकेतस्थळावर दिलेले असते. योजनेचा अर्ज नुसताच पडून असेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारावे : अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत असावा. ‘का केले नाही’ असे विचारू नये, नोंदीची प्रत मागावी. कारणांना बगल देता येते, नोंद मात्र द्यावीच लागते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही. अनेकदा अशा अर्जानंतर मूळ काम आधी होते आणि उत्तर मागाहून येते.

मोफत वकील

सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. कारखान्यातील कामगाराला उत्पन्न न पाहता हा हक्क आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसल्यामुळे लोक दागिने मोडून फी भरतात. जाण्यापूर्वी घटनांची तारीखवार टिपणी एका पानावर लिहावी, कागदपत्रांच्या छायाप्रती क्रमाने लावाव्यात आणि मूळ कागद कोणाकडेही सोडू नयेत. दूरध्वनीवरून सल्ल्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

डिपॉझिट किंवा थकीत पगारासारखे रकमेचे वाद दावा दाखल होण्याआधीही लोकअदालतीत ठेवता येतात, त्यासाठी प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. तेथे झालेल्या तडजोडीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील करता येत नाही. म्हणून तडजोडपत्रावर सही करण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून घ्यावे. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, देण्याची तारीख, धनादेश की खात्यात जमा, आणि हप्ता चुकल्यास व्याज किती, यांपैकी एखादीही गोष्ट लिहिलेली नसेल तर ती तेथेच लिहून घ्यावी.